अभिजात इटालियन मोटारसायकलींचे बाजारमूल्य

इटलीत मुख्यतः १९५० ते १९८० च्या दरम्यान तयार झालेल्या व आज संग्राह्य मानल्या जाणाऱ्या मोटारसायकलींना लिलावात किंवा खासगी विक्रीत मिळणारी किंमत म्हणजे अभिजात इटालियन मोटारसायकलींचे बाजारमूल्य होय. डुकाटी, एमव्ही अगुस्ता, मोटो गुझी आणि लाव्हेर्दा हे या बाजारातील प्रमुख निर्माते आहेत. शर्यतींचा वारसा, उत्पादनाची संख्या, मूळ भागांचे प्रमाण आणि या सर्वांचा पुरावा यांवर ही किंमत ठरते. वेग किंवा वापरातील सोय यांचा तिच्यावर तुलनेने कमी परिणाम होतो.

शर्यतींचा वारसा

२३ एप्रिल १९७२ रोजी इमोला येथील २०० मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला. दोघेही डुकाटीच्या ७५० घनसेंमीच्या मोटारसायकलींवर होते. त्यांचे इंजिन अभियंता फाबिओ तालिओनी यांनी रचले होते. त्यातील डेस्मोड्रोमिक यंत्रणेत व्हॉल्व्ह बंद करण्याचे कामही स्प्रिंगऐवजी यांत्रिक भुजा करतात. या विजयाच्या आधारे १९७४ मध्ये विक्रीस आलेली ‘७५० सुपर स्पोर्ट’ ही सर्वांत महाग संग्राह्य डुकाटींपैकी एक आहे.

एमव्ही अगुस्ताच्या स्वारांनी १९५८ ते १९७४ या काळात ५०० घनसेंमी गटाचे विश्वविजेतेपद सलग १७ वर्षे मिळवले. कंपनीची रस्त्यावर चालणारी चार सिलिंडरची ‘७५० एस’ वजनदार होती. तिच्यात साखळीऐवजी शाफ्टने चाक फिरवले जात असल्याने ती शर्यतीस फारशी योग्य नव्हती. तरीही नावामागील कीर्तीमुळे तिला मोठी किंमत मिळते.

उत्पादनाची संख्या

१९७४ च्या ‘७५० सुपर स्पोर्ट’ची निर्मिती ४०१ इतकीच झाली. लाव्हेर्दाच्या नारिंगी रंगाच्या ‘७५० एसएफसी’ या गाड्या सुमारे ५५० तयार झाल्या. याउलट, माइक हेलवुड यांच्या १९७८ मधील आइल ऑफ मॅन येथील विजयानंतर डुकाटीने काढलेली ‘माइक हेलवुड रेप्लिका’ काही हजारांच्या संख्येत विकली गेली. शर्यतीचा वारसा असूनही तिची किंमत ‘७५० सुपर स्पोर्ट’पेक्षा बरीच कमी राहिली.

एकाच प्रतिकृतीच्या निरनिराळ्या तुकड्यांतही फरक पडतो. मोटो गुझीच्या ‘व्ही७ स्पोर्ट’च्या १९७१ मधील पहिल्या गाड्यांची फ्रेम क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असून तिला लाल रंग दिलेला होता. ‘तेलायो रोस्सो’, म्हणजे लाल फ्रेम, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाड्या नंतरच्या ‘व्ही७ स्पोर्ट’पेक्षा महाग असतात.

मूळ भाग व नूतनीकरण

डेल'ओर्तो कार्बुरेटर, कोन्ती सायलेन्सर, बोरानी रिम आणि मार्झोक्की फोर्क हे भाग त्या काळी बाहेरच्या पुरवठादारांकडून येत. ते झिजल्यावर किंवा मोडल्यावर मालक सर्रास बदलत असत. त्यामुळे कारखान्यातून निघाली त्याच स्थितीत राहिलेली गाडी दुर्मीळ ठरते. ‘७५० सुपर स्पोर्ट’ची फायबरग्लासची पेट्रोल टाकी इथेनॉलमिश्रित इंधनामुळे खराब होऊ शकते. मूळ टाकी जपायची की वापरण्याजोगी नवी बसवायची, असा पेच मालकापुढे उभा राहतो.

नूतनीकरणाने किंमत वाढतेच असे नाही. जुना रंग काढून टाकल्यास गाडी चकचकीत होते. परंतु मूळ छटा, रंगकामाची पद्धत आणि वापराच्या खुणा कायमच्या नाहीशा होतात. म्हणून गंज, तडे यांसारखी हानी नसल्यास अनेक संग्राहक जुनाच रंग पसंत करतात.

अस्सलपणाचा पुरावा

किमतीतील तफावतीमुळे ‘७५० जीटी’ किंवा ‘७५० स्पोर्ट’ या साध्या डुकाटींना ‘सुपर स्पोर्ट’चे रूप देण्याचे प्रकार घडतात. प्रतिकृती म्हणून उघडपणे विकलेली गाडी बाजारात मान्य असते. तीच अस्सल म्हणून विकल्यास ती फसवणूक ठरते. बाह्य रूप सहज बदलता येत असल्याने तज्ज्ञ फ्रेम व इंजिनावरील क्रमांक, त्या काळच्या ओतीव भागांवरील खुणा आणि नोंदणीची कागदपत्रे तपासतात. क्रमांक पुन्हा कोरल्याचा संशयही किंमत झपाट्याने खाली आणतो.

इटलीत १९६६ मध्ये स्थापन झालेला ‘आउतोमोतोक्लब स्तोरिको इतालियानो’ हा महासंघ आणि इटालियन मोटारसायकल महासंघ २० वर्षांहून जुन्या, निकष पूर्ण करणाऱ्या गाड्यांना ऐतिहासिक महत्त्वाचे प्रमाणपत्र देतात. अशा प्रमाणपत्रामुळे खरेदीदाराचा विश्वास वाढतो. मात्र ते प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही.