हुतात्मा चौक: एका वेशीचे चरित्र

चर्चगेट हे नाव आज पश्चिम रेल्वेच्या अखेरच्या स्थानकाला चिकटलेले असले, तरी ज्या वेशीवरून ते पडले ती वेस स्थानकापाशी कधीच नव्हती. ती होती तेथून पूर्वेला काही मिनिटांच्या वाटेवर, मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिम तटात, आणि तिच्यातून आत शिरणारा रस्ता नीट सेंट थॉमसच्या देवळापाशी जात असल्यामुळे इंग्रजांनी तिला हे नाव दिले होते. किल्ल्याला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. तटाबाहेर खंदक आणि खंदकापलीकडे एस्प्लनेडचे मोकळे मैदान. शत्रू चाल करून आला तर तोफांच्या माऱ्याला आडोसा सापडू नये म्हणून हे मैदान हेतुपुरस्सर रिकामे राखलेले होते. ज्या भूमीला आपण आज हुतात्मा चौक म्हणतो, ती मूळची अशी वेशीची भूमी आहे, आणि माझ्या मते या चौकाच्या पुढच्या साऱ्या चरित्राचा उलगडा या एका गोष्टीपासून होऊ लागतो.

सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. त्या वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या पेढ्यांवर पैशाचा पूर लोटला होता. शत्रूचे भय उरले नव्हते. उलट व्यापाराची कोंडी मात्र तटामुळे रोज होत होती. फ्रिअरसाहेबांच्या अमदानीत तट पाडण्यात आले, खंदक बुजवण्यात आले, आणि चर्च गेटच्या जागी जो मोकळा पट्टा निघाला तेथे १८६४ साली एक कारंजे उभे राहिले. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान संस्थेने ते मूळ भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी करविले होते. नॉर्मन शॉ यांनी त्याचा आराखडा केला आणि जेम्स फॉरसिथ यांनी विलायती पोर्टलंड दगडात ते कोरले. सत्तेचाळीस हजार रुपये खर्च आला; त्यांतील वीस हजार खर्शेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांच्या देणगीचे होते. त्याला फ्रिअरसाहेबांचे नाव द्यावयाचे घाटत होते. परंतु माथ्यावर उभी असलेली रोमन पुष्पदेवता फ्लोरा हिनेच अखेर ते नाव जिंकले, आणि बागेत फुलांमध्ये राहावयाची ती देवता वेशीच्या जागी, गाड्याघोड्यांच्या गर्दीत, कायमची उभी राहिली.

तट गेला तरी वेशीचा धर्म काही गेला नाही. उत्तरेकडून हॉर्नबी रोड, मैदानाच्या कडेने एस्प्लनेड रोड आणि पश्चिमेकडून चर्चगेट स्ट्रीट, म्हणजेच आजचे दादाभाई नौरोजी, महात्मा गांधी व वीर नरिमन रस्ते, हे सर्व येथे येऊन मिळतात. जवळच उच्च न्यायालय आणि विद्यापीठ आले, बँका आणि विमा कंपन्यांच्या दगडी इमारती आल्या, आणि शहराचा कारकून, वकील, दलाल, विद्यार्थी असा सगळा नोकरपेशा वर्ग सकाळी येथून आत व संध्याकाळी येथून बाहेर पडू लागला. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची, आणि १९६४ साली ट्राम कायमची बंद झाली. तिचे रूळ मात्र डांबराखाली झाकलेले राहिले होते, ते अलीकडे कारंज्याच्या जीर्णोद्धाराचे खोदकाम चालू असता पुन्हा दिसले.

माझ्या विद्यार्थिदशेतील हा चौक म्हणजे तारघराच्या कडेचा जुन्या पुस्तकांचा पदपथ होय. कमरेइतक्या उंचीच्या त्या थप्प्यांमध्ये कायद्याची, वैद्यकाची, अभियांत्रिकीची पुस्तके आणि कादंबऱ्या एकमेकांना बिलगून असत, आणि आपण नाव उच्चारताच पुस्तकवाला थप्पीच्या मध्यावर डाव्या हाताचा तळवा टेकवून उजव्या हाताने नेमके तेच पुस्तक असे अलगद ओढून काढी की वरचे एकही हलत नसे. पहिल्या पानावर कोणा अपरिचित विद्यार्थ्याचे नाव असे आणि समासात त्याच्या पेन्सिलीच्या खुणा. २००५ साली हे विक्रेते तेथून हटवले गेले. काही पुन्हा परतले, परंतु पूर्वीची ती अखंड रांग राहिली नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

आता या चौकाच्या खऱ्या नावाकडे येतो. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी १९५५ च्या नोव्हेंबरात शिगेला पोहोचली होती. विधिमंडळ त्या काळी काळ्या घोड्यापलीकडे, जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. गिरणगावातून निघालेल्या मोर्चाला तेथे पोहोचावयाचे तर फ्लोरा फाउंटनचा नाका ओलांडणे प्राप्त होते, आणि म्हणून सरकारने पोलिसांची फळी जेथे धरली ती नेमकी जुन्या वेशीची जागा ठरली. तट पाडून नव्वद वर्षे लोटली होती. पण शहराच्या कष्टकऱ्यांना आत येऊ न देण्यासाठी तेथे पुन्हा एक तट उभा राहिला, तो बंदुकांचा. २१ नोव्हेंबरला संप झाला, नाक्यावर अथांग समुदाय जमला, लाठी चालली, अश्रुधूर सुटला आणि मग गोळ्या सुटल्या. त्या दिवशी पंधरा जण बळी पडले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, तेव्हा शहरभर पुन्हा गोळीबार झाले. बळींची संख्या शंभरावर गेली. एकशे पाच हुतात्मे हा आकडा त्या काळापासून मराठी माणसाच्या जिभेवर रुळला आणि पुढे यादीत भरही पडली. यांतील बहुतेक जण कामगार आणि सामान्य घरांतील तरुण होते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले ते यांच्या रक्ताचे मोल देऊन, हे कोणी आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे.

हुतात्म्यांचे स्मारक पुढे कारंज्याशेजारीच उभारण्यात आले: एक शेतकरी आणि एक कामगार, आणि दोघांनी मिळून उंच धरलेली एक मशाल. फ्लोराच्या अंगावर वर्षानुवर्षे चढवलेले तैलरंगाचे थर जीर्णोद्धारात खरवडून काढले गेले आणि २०१९ साली मूळ दगडाचा वर्ण, त्यावरील शंख आणि जलचरांसह, पुन्हा उजेडात आला. ते काम उत्तम झाले आहे. पुष्पदेवतेला हटवून मशाल उभारावी असे मुंबईने केले नाही, दोघींनाही एकाच अंगणात जागा दिली, हा निर्णय मला फार समंजस वाटतो. मात्र पाहणारे बहुधा कारंज्यापाशी थबकतात, छायाचित्र काढतात आणि पुढे जातात.

चर्चगेट स्थानकात उतरून वीर नरिमन मार्गाने पूर्वेकडे चालत जाणाऱ्या वाचकाला माझी एकच विनंती आहे: कारंजे डोळे भरून पाहून झाल्यावर चार पावले पुढे जावे आणि स्मारकावर कोरलेली नावे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावीत.