कवटीतला दाब, डोळ्याच्या फोटोत

डोकं दुखायला लागलं की आपल्याकडे पहिला संशय चष्म्याच्या नंबरावर. मग माणूस महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात नाहीतर घराजवळच्या दवाखान्यात जातो, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचतो, आणि तरीही बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले जातात. (त्या दिवशी स्कूटर घरी ठेवलेली बरी, पुढचे काही तास पुण्याचं ऊन सोसवत नाही.) डॉक्टरांना बघायची असते पडद्यावरची जेमतेम दीड मिलिमीटरची फिकट चकती, म्हणजे डिस्क. पडद्यावरचे दहा-बारा लाख तंतू इथं एकत्र येतात आणि डोळ्याची नस बनून मेंदूकडे निघतात.

ही नस म्हणजे खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग. मेंदूची आवरणं तिच्यावरही असतात आणि मेंदूभोवतीचं पाणी त्या आवरणांतून थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत येतं. मेंदूत गाठ असो, शिरेत गुठळी असो की क्षयाचा मेंदूज्वर, कवटीतला दाब वाढला की तो इथवर पोचतो. तंतूंमधून पेशींचा माल सतत ये-जा करत असतो. तो अडतो आणि संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर गाड्या तुंबाव्यात तसा डिस्कपाशी तुंबतो. तंतू फुगतात, डिस्कची कड पुसट होते, तिच्यावरून जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजेत बुडतात. एवढं होऊनही सुरुवातीला दिसतं मात्र चांगलं! फार तर वाकून उठताना क्षणभर अंधारी येते.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं 1851 मध्ये डोळ्याच्या आत डोकावण्याचं साधन जाहीर केलं, तेव्हापासून डॉक्टर ही कड न्याहाळत आले. 1991 मध्ये ओसीटी नावाचं यंत्र आलं. सुई नाही, एक्स-रे नाही. पडद्यावरून परतणाऱ्या प्रकाशावरून त्याचा उभा छेद दिसतो. तंतूंचा निरोगी थर सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो, आणि हे यंत्र मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका फरक टिपतं. त्यामुळे औषधानं सूज उतरतेय का, हे आकड्यांत कळतं. काहींच्या डिस्कमध्ये कॅल्शियमचे कण साचलेले असतात आणि ती नुसतीच सुजल्यासारखी भासते. ते कणही ओसीटीत सापडतात आणि मणक्यातून पाणी काढण्याची वेळ टळू शकते. माझ्या मते या यंत्राचं हे सर्वांत मोठं पुण्यकर्म.

खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ला जिथं जाऊन आले, त्या अंतराळातही ही सूज भेटते. तिथं सहा महिने राहिलेल्या सात अंतराळवीरांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या पाच जणांच्या डिस्क सुजल्या होत्या. 2013 पासून अंतराळ स्थानकावरच ओसीटी आहे. गंमत म्हणजे या मंडळींना जमिनीवरच्या रुग्णांसारखी डोकेदुखी किंवा अंधारी सहसा नसते आणि सूज अनेकदा एकाच डोळ्यात जास्त असते. ती येते कशानं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.