परदेशस्थ दांपत्य आणि पुरस्करणाचे दोन मार्ग

पाचगणीची एखादी कन्या विवाहानंतर कॅनडाचे नागरिकत्व असलेल्या पतीसह दुबईस राहत असेल, तर कॅनडातील स्थायी निवासासाठी तिने कोणता मार्ग स्वीकारावा? पती हा तिचा पुरस्कर्ता, अर्थात स्पॉन्सर. तेथील कायद्यात दोन वर्ग आहेत : एक 'कुटुंब वर्ग', दुसरा कॅनडातच एकत्र राहणाऱ्या दांपत्यांचा. परदेशस्थांस पहिलाच खुला असतो. मात्र पत्नीस स्थायी निवास मिळताच कॅनडात परतण्याचा हेतू पतीने दाखविला पाहिजे. पती नागरिक नसून केवळ स्थायी निवासी असल्यास त्यास परदेशातून पुरस्कर्ता होता येत नाही. कुटुंब वर्गातील नकारावर पुरस्कर्त्यास सामान्यतः अपील करता येते. दुसऱ्या वर्गात तो अधिकार नाही. म्हणून कॅनडास जाऊन दुसरा वर्ग निवडण्यापूर्वी या अधिकाराचे मोल जाणणे अगत्याचे ठरते.