कचारगडच्या पायथ्याची थकबाकी

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर सालेकसा सोडते आणि दोन्ही बाजूंनी जंगल रुळांपाशी येऊन भिडते. पुढचे स्टेशन दरेकसा. त्यापलीकडे बोगदा आणि त्यापलीकडे छत्तीसगड. १९८६ साली मी या भागात पहिल्यांदा उतरलो तेव्हा छत्तीसगड राज्य नव्हते, गोंदिया जिल्हाही नव्हता. हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडे. मी सव्वीस वर्षांचा होतो, बँकेत नुकताच अधिकारी झालो होतो, आणि कर्जवाटपाचे उद्दिष्ट पूर्ण करणे म्हणजेच देशसेवा, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

यंदा माघ पौर्णिमेला पुन्हा तिथे गेलो. निवृत्तीनंतर माणूस तीर्थयात्रा करतो, तशी माझी ही यात्रा. फक्त देव माझे नव्हते.

कचारगडची गुहा धनेगावच्या वरच्या डोंगरात आहे. शेवटची चढण गुडघ्यांची परीक्षा पाहते. आत गेल्यावर मात्र आपण बोलणे विसरतो. एखादे गाव मावेल एवढी ती पोकळी, आणि छताला पडलेल्या भगदाडातून खाली उतरणारा उजेड. ही आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा असे तिथे सगळेच सांगतात. मी मोजमाप घेतलेले नाही, आणि सांगणाऱ्यांनीही घेतले असेल असे वाटत नाही. पण पिवळे फेटे बांधून, पिवळ्या साड्या नेसून, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून ‘जय सेवा’ म्हणत आलेली माणसे त्या उजेडात उभी राहतात तेव्हा मोजमापाचा प्रश्न कोणाला पडत नाही.

कथा अशी की, काली कंकालीची तेहेतीस उनाड मुले या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर भली मोठी शिळा ठेवली गेली. रायताड जंगोने त्या मुलांची माया केली. पारी कुपार लिंगोच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीराने वाद्य छेडले, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, शिळा हलली, मुले सुटली, आणि हिरासुका मात्र त्याच शिळेखाली गेला. पुढे लिंगोने त्या मुलांना धर्म शिकवला, साडेसातशे गोत्रे लावून दिली. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. समान देवांच्या घरात सोयरीक नाही, हा नियम आजही पाळला जातो. नागपुरात राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवलेली लिंगोची कथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापली गेली. तिची मांडणी वेगळी आहे, पण गोंडांना गुहेत कोंडल्याचा प्रसंग आणि काचीकोपा लोहागड हे ठिकाण तीत येते. ते ठिकाण म्हणजेच कचारगड, हे ठासून मांडणाऱ्यांत डॉ. मोतीरावण कंगाली हे प्रमुख. ऐंशीच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी या जत्रेला नवे रूप दिले. कंगाली २०१५ साली गेले. ते रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात नोकरीला होते, हे मला फार उशिरा कळले. म्हणजे मी या डोंगराखाली म्हशी वाटत होतो त्याच सुमारास आमच्याच व्यवसायातला एक माणूस या डोंगराचा अर्थ लावत होता.

म्हशींचे सांगतो.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम हे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला उत्पन्नाचे साधन घेऊन द्यायचे, काही भाग अनुदान, उरलेले कर्ज. आदिवासींना अनुदान निम्मे. योजना कागदावर वाईट नव्हती. कर्जमेळाव्यात मंडप पडे, पाहुणे येत आणि दावणीला म्हशी बांधलेल्या असत. डोंगराच्या कुशीतल्या एका टोल्यावरच्या गोंड गृहस्थाला मी अशीच एक म्हैस दिली. किंमत चार हजार. दोन हजार सरकारचे, दोन हजार त्याच्या डोक्यावर. त्याचे नाव इथे लिहीत नाही.

त्या घरात दूध काढायची रीतच नव्हती. दूध वासराचे, माणसाचे नव्हे, असे त्याच्या बायकोचे म्हणणे. संकलन केंद्र दूर, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की टोला महिनाभर तुटलेला. हे सगळे मला दिसत होते. मी अर्जावर ‘दुग्धव्यवसायास वाव आहे’ असे लिहिले.

१९८७च्या पावसात म्हैस मेली. विमा होता, पण दाव्यासाठी कानातला बिल्ला आणि डॉक्टरांचा दाखला लागे. डॉक्टर नाल्यापलीकडे, आणि या भल्या माणसाने जनावर कानासकट पुरून टाकलेले. दावा फेटाळला गेला. मी रीतसर नोटीस पाठवली. ती वाचायला त्या टोल्यावर कोणी नव्हते, म्हणून ती घेऊन तो स्वतःच शाखेत आला.

‘म्हैस मरली साहेब,’ तो म्हणाला, ‘पैसा त मरला नाही ना जी?’

त्यानंतर तो येत राहिला. कधी मोहफुले विकून, कधी लाख, कधी तेंदूपत्त्याची मजुरी. कमरेच्या गाठीतल्या नोटा ओलसर असत, त्यांना मोहाचा वास येई. आमचा रोखपाल नाक मुरडी. शेवटचा हप्ता त्याने बैलजोडी विकून भरला, १९८९च्या उन्हाळ्यात. व्याजासह खाते बंद झाले. मी त्याच्याशी हात मिळवला आणि विभागीय कार्यालयाला ‘वसुली समाधानकारक’ असे कळवले.

१९९०मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह सरकारने दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ केली. २ ऑक्टोबर १९८९ रोजी ज्यांचे थकले होते त्यांची. शेजारच्या गावातल्या ज्यांनी म्हैस बाजारात विकून पैसे खाल्ले होते, त्यांची खाती माझ्याच हाताने कोरी झाली. त्याचे खाते आधीच कोरे होते. नियमाप्रमाणे काहीच करण्यासारखे नव्हते. ‘नियमाप्रमाणे’ या शब्दावर माझी छत्तीस वर्षांची नोकरी उभी आहे.

यंदा जत्रेतून उतरल्यावर मी त्या टोल्याची चौकशी केली. आता डांबरी रस्ता आहे, वीज आहे, नाल्यावर पूल आहे. मोबाइलची रेंज मात्र एका ठरावीक चिंचेखाली. तरुण मुले धानाची कापणी झाली की नागपूर, हैदराबादकडे कामाला जातात. मधली कित्येक वर्षे या जंगलात नक्षलवादी आणि पोलिस दोघांचाही वावर होता आणि रात्री दार वाजले की कोण असेल याचा धाक असे, हे लोक आता मोकळेपणी सांगतात. २०२१ साली मोहफुलांवरचे निर्बंध उठले, याचे बायकांना फार अप्रूप वाटत होते. स्वतःच्या दारातले फूल साठवायला इतकी वर्षे भीती!

तो गृहस्थ कधीच वारला होता. नातू भेटला, बारावी झालेला, तिशीतला. बँकेतला साहेब म्हटल्यावर त्याने खाट टाकली, काळा चहा दिला. मग आत जाऊन पत्र्याची पेटी घेऊन आला.

वनहक्काचा त्याचा दावा चालू होता. डोंगरउतारावरचे दोन-अडीच एकर त्याच्या आजोबाच्या आधीपासून हे घर कसते. सातबारा नाही, कारण जमीन वनखात्याची. २००६च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, आणि त्यासाठी एकाहून अधिक पुरावे लागतात. गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब त्याने जोडला होता. तेवढ्यावर दावा एकदा अपुरा म्हणून परत आला होता.

‘सर, आजोबानं एक सरकारी कागद जपून ठेवला होता. हा जोडला तर चालन का?’

प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात आणखी एका कापडात गुंडाळलेली ती विकास पत्रिका होती. योजनेतल्या प्रत्येक लाभार्थ्याला मिळे ती. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षर स्वच्छ. माझेच. त्या दिवशी ग्रामसेवक आला नव्हता म्हणून रकाने मी भरले होते. नाव, टोला, जमात, कुटुंबातली माणसे, सगळे बरोबर. त्याखाली ‘धारण केलेली जमीन’ हा रकाना.

कर्ज घेताना तो म्हणाला होता, साहेब, उतारावर आपलं शेत आहे, धान होतो, उडीद होतो. मी सातबारा मागितला होता. तो नव्हता.

‘काय लिवलं आहे सर?’ नातवाने विचारले. शाई फिकी झाल्याने त्याला तेवढाच रकाना नीट लागत नव्हता.

मी चष्मा पुसला. मग वाचून दाखवले : ‘निरंक. भूमिहीन शेतमजूर.’

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने पत्रिका माझ्या हातातून घेतली, पुन्हा कापडात, पुन्हा पिशवीत घातली आणि पेटीत ठेवली. ‘बैलजोडी होती ना जी आजोबाकडं,’ तो म्हणाला. ‘भूमिहीनाकडं बैलजोडी कशाले राहील?’

मी म्हटले, तेच मी लिहून देतो. निवृत्त अधिकारी म्हणून, शपथेवर. त्याने वही आणली. चिंचेखाली उजेड होता, तिथे जाऊन बसलो.