समुद्रघोड्याच्या शेजारीं कोणतीं पोंवळीं?

बीड जिल्ह्यास समुद्रकिनारा नाहीं. म्हणूनच काचेच्या टाकींत समुद्रघोडा पाळण्याची हौस तेथील एखाद्या कुटुंबास वाटल्यास नवल नाहीं. हा जीव पोहण्यांत दुबळा. शेपटीनें आधार धरून राहतो. त्यास दंश करणारीं अग्निपोंवळीं वा समुद्रपुष्पें शेजारीं नसावींत. मृदु पोंवळीं त्या मानानें निर्धोक. परंतु आमच्या मतें खरा प्रश्न निराळाच आहे. समुद्रघोडे व खडक रचणारीं पोंवळीं यांस २००१ सालीं १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण मिळालें. शिवाय बीडच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपुढें जातो, आणि पाणी फार तापलें कीं पोंवळीं पांढरीं पडतात. १९८७ सालीं संरक्षित ठरलेल्या मालवणच्या समुद्रांत पोंवळीं आहेत. सुज्ञ पालकांनीं मुलांस तेथें न्यावें, घरीं गोड्या पाण्यांतील मासेच पाळावेत.