डबीच्या आत गाठ मारा!

मुलांनो, विज्ञान प्रदर्शनात हमखास घडणारी गोष्ट सांगू? काल घरी झकास वाजणारी घंटा नेमकी परीक्षकांसमोर मुकी होते! "सर, घरी वाजत होती हो!" म्हणत बिचारा डबीला टपल्या मारतो. सेल नवा, बझर चांगला. मग बिघडलं कुठे? झाकण उघडून पाहा. बहुतेक वेळा एखादी वायर डागापाशी तुटलेली असते.

डागापाशीच का बरं? लवचीक वायरीत तांब्याच्या बारीक बारीक तारा असतात. सोल्डरिंग करताना वितळलेला धातू त्यांच्यामध्ये शिरतो आणि तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. पुढची वायर हलत राहते, पण वाक पडतो तो ताठ भाग संपतो तिथेच. पत्र्याची पट्टी एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसंच! म्हणून डाग कितीही सुबक असो, हिसका त्याच्यापर्यंत पोचताच कामा नये.

उपाय अगदी सोपा. बटणाची वायर भोकातून डबीत घेतलीत, की आतल्या बाजूने तिला गाठ मारा. गाठ भोकापेक्षा मोठी हवी. आता बाहेरून कुणी ओढलं तरी ओढ गाठीवर येईल. गाठीपासून डागापर्यंतची वायर मात्र थोडी सैल ठेवा. डबा पत्र्याचा असेल तर भोकाची कड वायरीचं प्लॅस्टिक कापते. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवा.

आतल्या वायरी जोडीजोडीने पिळून मेणाच्या दोऱ्याने बांधा. हसू नका! पूर्वी विमानातल्या वायरीसुद्धा अशाच बांधत. ते काम पाहूनच मॉरस लोगन यांनी प्लॅस्टिकची केबल टाय शोधली. ती १९५८ साली बाजारात आली.

सगळ्यात खोडकर म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी. सुटी राहिली तर हातोडीसारखी आपटते. शिवाय तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला. उघडी तार दोन्हींना एकदम टेकली, की बॅटरी तापलीच! तिला रबरबँडने जखडा. (पालकांनो, हे सगळं बॅटरीपुरतंच. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगवर प्रयोग नकोत.)

झाकण लावलंत? आता डबी कानाशी धरून हलवा. खुळखुळ आली, तर झाकण पुन्हा उघडा.