ग्राइंडर घूं घूं करतो, पण फिरत नाही

बेंच ग्राइंडर म्हणजे मुळात एक मोटरच. तिचा शाफ्ट दोन्ही बाजूंनी बाहेर काढलेला असतो आणि दोन्ही टोकांना एकेक दगड बसवलेला असतो. ना पट्टा, ना गिअर. त्यामुळे वेल्डिंगच्या दुकानातला किंवा आयटीआयच्या वर्कशॉपमधला जुना ग्राइंडर बंद पडला, तर बिघाड बहुधा बेअरिंगमध्ये तरी असतो, नाहीतर विजेच्या वाटेत. ‘कॉइल जळाली’ हे निदान मात्र फार लवकर केले जाते. जळक्या वॉर्निशचा वास येत नसेल, तर कॉइलवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

सिंगल फेज मोटरची अडचण अशी, की एकट्या रनिंग कॉइलचे चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमी-जास्त होत राहते. थांबलेल्या रोटरला ते कोणत्याच दिशेने ओढत नाही. म्हणून दुसरी, स्टार्टिंग कॉइल गुंडाळतात आणि तिच्या वाटेत कपॅसिटर घालतात. कपॅसिटरमुळे तिच्यातला प्रवाह रनिंग कॉइलच्या थोडा पुढे धावतो आणि दोघींचे मिळून क्षेत्र फिरू लागते. फिरत्या क्षेत्राचे हे तत्त्व गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला या दोघांनी १८८८ मध्ये स्वतंत्रपणे मांडले होते. अनेक लहान ग्राइंडरांत कपॅसिटर कायमचा जोडलेला असतो. काहींत सेंट्रिफ्युगल स्विच असतो आणि वेग साधारण ७५ टक्क्यांवर पोचला की तो स्टार्टिंग कॉइल तोडतो.

यावरून लक्षणे वाचता येतात. आवाजच नसेल तर दोष प्लग, कॉर्ड, स्विच किंवा रनिंग कॉइल यांत शोधावा. ग्राइंडरच्या स्विचमध्ये लोखंडाची बारीक पूड हमखास साचते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. मोटर घूं घूं करते पण सुटत नाही, तेव्हा रनिंग कॉइलपर्यंत वीज पोचलेली असते. अडथळा कपॅसिटर, सेंट्रिफ्युगल स्विच, स्टार्टिंग कॉइल किंवा जाम बेअरिंग यांपैकी कुठेतरी असतो. प्लग काढून दगड हाताने फिरवला की बेअरिंगचे लगेच कळते. अशी घुमणारी मोटर चालू ठेवणे मात्र सर्वांत महागात पडते. थांबलेल्या अवस्थेत ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि धडधाकट कॉइल काही मिनिटांत खरोखरच जाळून टाकते.

कपॅसिटर तपासण्याआधी त्यातला साठा काही हजार ओहमच्या रेझिस्टरमधून किंवा बल्बमधून उतरवावा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची सवय वाईट. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या मानाने मल्टीमीटर बराच कमी आकडा दाखवत असेल, तर तो बदलावा. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. कायम जोडलेल्या कपॅसिटरवर २३० पेक्षा जास्त व्होल्ट येतात, म्हणून तो ४४० व्होल्टचा असतो. फक्त सुरुवातीपुरता वापरायचा कपॅसिटर त्याच्या जागी बसवला तर तो तापून फुटतो.

कॉइलकडे वळताना मोटरमधून निघालेल्या तीन वायर एकमेकींशी मोजाव्यात. समजा, ओहमचे आकडे १२, ३० आणि ४२ आले. ४२ ज्या जोडीत आले ती दोन्ही कॉइलची बाहेरची टोके. उरलेली वायर कॉमन. कॉमनपासून कमी ओहमची, जाड तारेची कॉइल रनिंग आणि दुसरी स्टार्टिंग. एखाद्या जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल, तर कुठेतरी तार तुटली आहे. आणि जुन्या यंत्रात ती बहुतेकदा कॉइलच्या आत नव्हे, तर बाहेरची वायर जिथे कॉइलला जोडली आहे त्या सांध्यावर तुटते. तिथले रबराचे किंवा कापडाचे आवरण उष्णतेने कडक होऊन तडकलेले असते. एंड कव्हर उघडण्यापूर्वी पंचने खुणा कराव्यात, सांधा नव्याने सोल्डर करावा, त्यावर फायबरग्लासची स्लीव्ह चढवावी आणि दोऱ्याने बांधून वॉर्निश लावावे. पीव्हीसी टेप आत वापरू नये, तो वितळतो.

वायर पुन्हा जोडताना बऱ्याच जणांच्या डोक्यात दिशेचा विचार येतच नाही. दोनपैकी एका कॉइलची टोके अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. दगडाचा पुढचा भाग वरून खाली यायला हवा, म्हणजे ठिणग्या खाली पडतात. उजव्या दगडाच्या नटाचे आटे उजवे आणि डाव्याचे डावे असतात, ते याच दिशेसाठी. मोटर उलटी सुरू झाली तर दोन्ही नट घट्ट होण्याऐवजी सैल होऊ लागतात. म्हणून सोडण्याआधी प्रत्येक वायरवर चिठ्ठी बांधावी आणि पहिली चाचणी दगड काढूनच घ्यावी.

त्याआधी बॉडीत वीज उतरते का, हे पाहावे. टेस्ट लॅम्प पेटला नाही म्हणजे सगळे ठीक, असा समज धोक्याचा आहे. काही मिलीअँपिअर गळतीने बल्ब पेटत नाही, माणसाला झटका मात्र बसतो. ५०० व्होल्टच्या मेगरवर किमान १ मेगाओहम यायला हवा. जुन्या भारतीय कॉर्डमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ असते; नव्यांत अनुक्रमे तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. भंगारातून आलेल्या अमेरिकी यंत्रात काळी वायर फेजची असते आणि मोटर बहुधा ११५ व्होल्टची, म्हणून प्लेट वाचल्याशिवाय काहीच जोडू नये. अर्थची वायर रंग खरवडलेल्या लोखंडावर स्क्रूने घट्ट बसवावी.

बिनदगडाची मोटर पंधरा-वीस मिनिटे चालवून ती कितपत तापते, ते पाहावे. मग दगड टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवावा. स्वच्छ टणत्कार आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे, तो टाकून द्यावा. ५० हर्ट्झवर दोन पोलची मोटर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते, म्हणजे १५० मिमी दगडाची कड सेकंदाला २२ मीटरहून अधिक धावते. दगडावर छापलेला कमाल वेग मोटरच्या वेगापेक्षा जास्त असायला हवा. गार्ड लावून, बाजूला उभे राहून तो मिनिटभर रिकामा फिरवावा. टूल रेस्ट आणि दगड यांत ३ मिमीहून अधिक फट ठेवू नये. दगड झिजत जाईल तशी ती रेस्ट पुढे सरकवावी लागते.